फक्त स्वतःसाठी

दिनांक ९ नोव्हेंबर, सकाळ

चि. धाकटीस,

ताईचे आशीर्वाद. काल तू डॉक्टरांना सांगितलंस, "कुणाचंही रक्त चढवा, माझ्या बहिणीचं नको." तुझी लेक भिंगरी संध्याकाळी तिथून माझ्याकडे परतली ती चपला न काढताच दारात हे सांगून रडायला लागली. म्हणून हे पत्र. फोन केला असता तर तू माझा आवाज ऐकून ठेवून दिला असतास. पाकीट मात्र फोडल्याशिवाय तुला राहवणार नाही, लहानपणापासून तुझं तेच आहे.

कशी आहेस हे विचारत नाही. खुब्याचं हाड मोडून पडलेली बाई कशी असते ते मला कळतं. तुझ्या यजमानांना म्हणावं, तू घसरलीस तो न्हाणीतला ओला दगड आधी बदला. पायाखालचं बघायचं सोडून बसल्या जागेवरून हुकूम सोडायची सवय दोघांनाही आहे.

आता मुद्द्याचं. तुझ्या कार्डावर ओ गट लिहिला आहे. तू म्हणालीस, ओ काय, गल्लीत हाक मारली तर रांग लागेल. माझ्याही कार्डावर जन्मभर तेच होतं. ते चूक आहे. साध्या तपासणीत आपण दोघी ओ दिसतो, पण ओ गटाच्या माणसांच्या पेशींवर जी एक खूण असते, ती आपल्या पेशींवर नाही. त्यामुळे ओ रक्तही आपल्याला विषासारखं आहे. आपल्याकडे दहा हजारांत एखाद्याचं असं असतं. तुझ्या दवाखान्याच्या फ्रिजमध्ये तुझ्या नावाने ठेवलेल्या पिशव्यांपैकी एक जरी सुरू झाली असती, तरी तू टेबलावरून उठली नसतीस.

हे कुणी पकडलं? जिच्या शिक्षणाला तू "रक्ताच्या बाटल्या धुवायचा कोर्स" म्हणतेस, तिने.

तिने तुझ्या दवाखान्यातून हट्टाने तुझ्या रक्ताची नळी मागून घेतली. तिथला माणूस हसला, "परीक्षेची तयारी का मॅडम?" ती नळी घेऊन निघाली. रात्रीच कॉलेजच्या विभागात जाऊन तुझ्या रक्तावरचं पिवळं पाणी ओ गटाच्या पेशींत मिसळलं. गुठळ्या झाल्या. तिला वाटलं पेशी शिळ्या आहेत, सामान देणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली आणि ताज्या घेतल्या. पुन्हा गुठळ्या. मग वर्गातल्या ओ गटाच्या मुलामुलींनी बोटं पुढे केली. कुणाचंच जमेना. शेवटी तिने स्वतःचं बोट टोचलं. पोटच्या पोरीच्या पेशी तुझ्या रक्तात नासलेल्या दुधासारख्या फुटल्या. त्या वेळी ती रडली नाही. तिने काच पुसली, हात धुतले आणि विभागप्रमुख बाईंना हाक मारली. मला हे बाईंनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "एम. एस्सी.च्या मुली गुठळी दिसली की आधी बाटलीला दोष देतात. हिने दुसऱ्या वेळेनंतर बाटलीला दोष देणं थांबवलं. हिला मी परीक्षेआधीच पास केलं आहे."

तू ठरवलेलं स्थळ नाकारून ती शिकायला माझ्याकडे राहिली, म्हणून तू माझं नाव टाकलंस. "पोरीला फूस लावलीस, तुला स्वतःला संसार नाही म्हणून." ठीक आहे. हे वाक्य मी कुणाला सांगितलेलं नाही, तिलाही नाही. पण आज तुला सांगते, तेव्हा तुझं ऐकून ती सासरी गेली असती, तर काल ती नळी कुणी मागितली नसती.

बाई तिच्यादेखत काही बोलल्या नाहीत. खोलीचं दार लावून मला फोन केला आणि एवढंच विचारलं, "तुम्हाला धाकटी बहीण आहे का?"

मी म्हटलं, "आहे."

"मग तुमची पिशवी लागेल."

म्हणजे त्यांच्या रक्तपेढीत माझ्या रक्ताची पिशवी होती. हे मी तुला सांगणार नव्हते, पण तू विचारणारच, की ताईचं रक्त तिथे आधीच कसं. तर ऐक. माझ्या उजव्या मूत्रपिंडावर गाठ आहे. काढायची आहे. त्यासाठी रक्त जुळवायला घेतलं तेव्हा माझा खरा गट कळला. जुळणारं माणूस सापडेना, म्हणून माझंच काढून माझ्यासाठी ठेवलं. पिशवीवर चिठ्ठी होती, 'फक्त स्वतःसाठी'. ती आज मी सही करून काढायला लावली.

त्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, "सख्खी भावंडं असतील तर त्यांना विचारा." मी विचारलं नाही. तू काय म्हणाली असतीस ते मला पाठ होतं. आणि काल तू तेच म्हणालीस, फक्त उलट बाजूने. आई म्हणायची ना, या दोघींना एकाच उखळात कांडलं तरी पीठ वेगवेगळं निघेल. म्हातारीचा अंदाज चुकला.

भिंगरीला माझ्या गाठीचं काही ठाऊक नाही. असं मी समजते. मघाशी खोकं बांधताना तिने पिशवी उजेडात धरली. जुन्या चिठ्ठीचा डिंक राहिला होता.

"मावशी, हिच्यावर आधी कुणाचं नाव होतं?"

"तुला बस गाठायची आहे ना?"

"आणि तारीख इतकी मागची कशी?"

"बर्फ वितळतोय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसून दोरीची गाठ पुन्हा पुन्हा आवळत राहिली. तुझीच मुलगी आहे, वाचून गप्प बसते. तिने विचारलंच, तर खरं सांग. माझ्याने होणार नाही.

माझ्या ऑपरेशनची तारीख पुढे गेली आहे. दुसरी पिशवी भरायची तर आधी अंगात रक्त पुन्हा वर यायला हवं, आणि या वयात ते सावकाश येतं. तोवर थांबशील का, हे गाठीलाच विचारावं लागेल. गेल्या आठवड्यात तिची वाढ पाहून डॉक्टर बोलता बोलता चष्मा पुसायला लागले. मला तसली माणसं आवडत नाहीत. काय ते तोंडावर सांगावं.

हे मी तुझ्या डोक्यावर ओझं म्हणून लिहीत नाही. अट तर मुळीच घालत नाही. अट घातली, तर तू माझ्याबद्दल जे बोललीस ते खरं ठरेल. पण 'ताईचं नको' हे बोलायचा हक्क तुझा उद्या सकाळपर्यंतच आहे. त्यानंतर तू गुंगीत असशील आणि बाहेर बाकावर तुझी मुलगी बसलेली असेल. स्वतःचं रक्त आईला देता येत नाही, दिलं तर आई मरेल, हे पक्कं माहीत असलेली. नुसतं तिच्याकडे बघ. मग काय ते ठरव.

ती दारात उभी आहे. आता लिहायचं थांबते.

तुझी,
ताई

तुझ्या लेकीच्या हाती दिलेल्या वस्तू:

तांबड्या पेशींची पिशवी, एक. बर्फाच्या खोक्यात, तुझ्या नावाची चिठ्ठी लावून. दुसरी नाही, सांडू नये.

तिथल्या जुळवणीसाठी माझ्या रक्ताची नळी, एक.

विभागप्रमुख बाईंचं पत्र, तुझ्या डॉक्टरांना.

माझ्या घराची किल्ली. ही भिंगरीची. परीक्षा होईपर्यंत तिने तिथेच राहायचं, मी घरात असले किंवा नसले तरी.

देणार: ताई

घेणार: (इथे तू स्वतः सही कर. लेकीला करू देऊ नकोस.)