धरलं का?

वडगाव निंबाळकर
मंगळवार, सकाळ

प्रिय करुणा,

तुझं जहाज परवा सकाळी कोचीच्या बाहेर नांगर टाकणार आहे. कंपनीचे एजंट कुरियन यांनी आत्ताच फोनवर पक्कं सांगितलं. ते धक्क्याला लागणार नाही, बाहेरच थांबेल आणि तुम्हा दोन शिकाऊ कॅडेटना छोट्या लाँचने नेतील. जहाजावर येणार की नाही, ते आज संध्याकाळपर्यंत तुला त्यांना कळवायचं आहे. काल फोनवर तू एवढंच म्हणालीस, "दादा, मी परत येऊ का?" मग तुझ्या कोचीच्या हॉटेलातल्या पंख्याचा आवाज ऐकू येत राहिला. उत्तर शेवटी देतो. कागदावर लिहून फोटो पाठवतोय, म्हणजे रेंज गेली तरी वाचता येईल.

लाँचमधून पहिल्यांदा पाहशील तेव्हा ते जहाज वाटणारच नाही. पाण्यातून वर आलेली लोखंडी भिंत वाटेल, आणि तिच्यावरून लोंबणारी दोरांची शिडी. आपण हलतोय की भिंत, ते कळत नाही. स्वप्नात जिना चढावा तसं होतं. घाई करू नकोस. लाँच लाटेवर सगळ्यात वर आली की पाय शिडीवर टाकायचा. खाली असताना टाकलास तर ती पुन्हा वर येऊन पाय चेचते. बॅग मागून दोरीने वर येते, ती हातात घ्यायची नाही. पासपोर्ट आणि कागदपत्रं मात्र प्लास्टिकच्या पिशवीत, अंगावर. आणि शिडीच्या फळ्या धरायच्या नाहीत, कडेचे दोर धरायचे, दोन्ही हातांनी.

पहिले काही दिवस पोटात अन्न ठरणार नाही. काकूनं दिलेल्या कडक भाकऱ्या थोड्या थोड्या चावत राहा आणि लांब, पाणी संपतं तिथं बघ. लहानपणी उसाच्या ट्रॉलीवर बसून तू अशीच बघायचीस, तुरे आलेल्या उसाकडे. वारा आला की सगळं शिवार एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळायचं. समुद्र मी आधी तिथंच पाहिला होता, पण ते मला फार उशिरा, पॅसिफिकमध्ये, एका निवांत दुपारी उमगलं. बांधापलीकडच्या तात्याबांना तुझं जाणं अजून पटत नाही. काल बांधावर म्हणाले, "एवढं पाणी, आन् उसाला द्यायच्या कामाचं न्हाय. मग पोरगी तितं करनार काय?"

ताणलेल्या दोराच्या रेषेत कधी उभी राहू नकोस. चिखलात रुतलेली ट्रॉली ओढताना वायररोप तुटून कोऱ्हाळ्यात माणसाचं काय झालं ते तुला माहीत आहे. जहाज बांधायचा दोर तर मनगटाहून जाड असतो. बंद टाकीत परवानगीशिवाय उतरायचं नाही. आत कुणी पडलेलं दिसलं तरी मागोमाग जायचं नाही, आधी हाक मारायची. जुन्या विहिरीत कंदील सोडून तो विझत नाही हे पाहिल्याशिवाय आबा कुणाला उतरू द्यायचे नाहीत, तेच तिथं. आणि समजलं नसेल तर "येस सर" म्हणू नकोस. आपल्याकडे पाहुण्यांना "व्हय, व्हय" म्हणून वेळ मारून नेतात, तशी तिथं नेता येत नाही. पुन्हा विचार. ओरडतील, पण सांगतील.

कॅडेटला बहुधा चीफ ऑफिसरबरोबर पहाटे चार ते आठची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, देतात. मीही चीफ ऑफिसर झाल्यापासून त्याच वेळी जागा असतो, घरी आलो तरी. त्या वेळी अंधार आणि पाणी वेगळे नसतात, मग हळूहळू त्यांच्यात एक फट पडते. वॉचचा नियम एकच: पुढचा माणूस येऊन "घेतली" म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही. हा नियम मी बोटीवर नाही, आपल्या वडिलांकडून शिकलो. कालव्याच्या चारीला पाणी यायचं आणि पाळी बदलायची तेव्हा आबा फावडं टेकून उभे राहायचे, आणि पुढचा शेतकरी पाण्याच्या दाऱ्यावर आला की विचारायचे, "धरलं का?" पाणी हाती घेऊन तो "धरलं" म्हणाला की मगच घरी.

पावसाळ्याच्या शेवटी लकव्यानं आबांची उजवी बाजू गेली. तेव्हापासून त्यांच्याकडे जे चार-सहा शब्द उरलेत, त्यात हा एक आहे. रोज पहाटे ते "धरलं का?" विचारतात. तुला वाटायचं, हात धर म्हणतात, म्हणून तू हात धरून बसायचीस. मलाही तसंच वाटलं होतं. पण परवा, तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी पुन्हा विचारलं आणि वॉचच्या सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "धरलं, आबा." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि डोळे मिटले. ऊन वर येईपर्यंत झोपले. आपली पाळी घ्यायला कुणी आलं का, एवढंच ते विचारत होते.

आई गेली तेव्हा मी अटलांटिकमध्ये होतो. घरी पोचलो तोवर पुण्यानुमोदनाचा विधीही होऊन गेला होता. बारावीचं वर्ष असून सगळं तू धरलंस, आणि त्याबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही. आता आबांना काही झालं तर आपणही असेच लांब असू, ही तुझी भीती मला त्या पंख्याच्या आवाजात ऐकू आली. म्हणून हे पत्र. पुढच्या महिन्यात मला जहाजावर बोलावलं होतं; मी येत नाही असं काल कंपनीला कळवलं. कॅप्टन होणं लांबेल, लांबू दे. पाळी बदलली आहे, करुणा. परत येऊ नकोस.

उद्या आपल्या चारीला पाणी सुटणार, असं कालव्याचा पाटकरी सांगून गेलाय. परवा पहाटे तात्याबांची पाळी संपेल आणि आपली सुरू होईल. आबांना खुर्चीत बसवून बांधापर्यंत न्यायचं ठरवलंय. साधारण तेव्हाच तुझी लाँच निघेल. आबा विचारतीलच. इथलं मी सांगेन. तू कडेचे दोर हातात आले की तिथून सांग.

बांधावरून, तुझाच
धम्मदीपदादा