काचेखालचं पत्र

शुक्रवार, संध्याकाळ

आजचं आजच लिहायला हवं. आम्ही कंत्राटी कर्मचारी अकरा दिवस विद्यापीठाच्या दारात बसलो होतो. आज कुलगुरूंनी दालनात बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, "तुम्हाला कायम करायला माझी ना नाही. शासनाची मंजुरीच आली नाही." मी ग्रंथालयातली, एवढी शिकलेली, तरी मान खाली घातली. का घातली?

तेवढ्यात आमच्यातल्याच, ते दालन झाडणाऱ्या महादेवीअक्का पुढं झाल्या. "मंजुरी आलीय की, सायेब. ह्या टेबलाच्या काचेखाली, क्यालेंडरच्या मागं. दारात बसायच्या आदी रोज पुसत हुते मी ही काच. मला वाचाया येत न्हाय असं वाटलं व्हय?"

शेजारी बसलेल्या कुलसचिवांनीच काच उचलली. पत्र निघालं, महिन्यापूर्वीचं! कुलगुरू घटाघटा पाणी प्यायले. सोमवारी आदेश काढतो, असं आमच्यासमोर लिहून सही केली.

ती काच उचलतानाचा आवाज अजून कानात आहे.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "अक्का, वाचायला कधी शिकलात?"

"नातीसंगं. ती पहिलीत, मी बी पहिलीत. आता दोघी दुसरीत गेलो."

नोकरीच्या नऊ वर्षांत विद्यापीठाच्या आवारात एवढ्या मोठ्यानं मी कधी हसले नव्हते.