पैलवान दाराशी बसतो

रविवार, ४ मे
आधी आत घुसला तो कुत्राच! मागून नात, मग रिकामा पट्टा हातात घेऊन धापा टाकणारी सूनबाई आणि गाडी नीट लावून सगळ्यांत शेवटी आमचे चिरंजीव. जात बॉक्सर म्हणे. नाव काहीतरी इंग्रजी आहे, ते माझ्या कवळीतून निघत नाही. मी पैलवान म्हणते. छाती ही एवढी, तोंड मात्र दारात चेपल्यासारखं. आणि मिक्सर लावला की पैलवान पलंगाखाली!
त्यांच्या नव्या फ्लॅटला रंग चाललाय. चपट्या नाकाला तो वास सोसत नाही, म्हणून आठवडाभर माझ्याकडे ठेवलाय. कुत्री ठेवायची हॉस्टेलं असतात की! पण नाही, आईकडेच. निघताना नात त्याच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. आजीला सोडायचं म्हटलं की पोरीचं असंच होतं.
रविवारी येणार.

बुधवार, ७ मे
पैलवान दाराशी बसतो. गाडी वाजली की उठतो आणि आनंदाने असा वाकतो की नाक शेपटीला टेकतं. पुढचे दोन्ही पाय हवेत नाचवतो. गाडी दुसऱ्याच कुणाची निघते. मग परत बसतो. मला बघवेना, म्हणून मीही खुर्ची दाराशी ओढली. मला काही वाट बघायची सवय नाही. त्याला सोबत म्हणून बसते.
तोंडाच्या सुरकुत्या ओल्या फडक्याने पुसाव्या लागतात, नाहीतर चिघळतात. चिरंजीवही लहानपणी तोंड पुसू द्यायचे नाहीत. लाळ पार भिंतीपर्यंत उडते. उन्हात दोघांनाही दम लागतो, म्हणून सकाळीच फिरून येतो. कोण कुणाला फिरवतं ते विचारू नये.

रविवार, ११ मे
सकाळपासून धांदल. चादरी बदलल्या, पैलवानाला अंघोळ घातली, नातीसाठी केक आणला. दुपारी चिरंजीवांचा फोन. रंग वाळला नाही म्हणे. कामाचा व्याप केवढा त्याला! पैलवान फार हिरमुसला. केक त्याला चालत नाही, मीच संपवला. खरं तर मला केक आवडत नाही.

शुक्रवार, १६ मे
टेम्पोवाला पैलवानाचं सामान देऊन गेला. गादी, वाडगे, चावलेला चेंडू आणि थंडीत घालायचा लोकरी कोट. ऐन मे महिन्यात! चिरंजीव पहिल्यापासून विसराळू.
शेजारची शिंपीण दारातच उभी होती. म्हणाली, काकू, कुत्रा तुमच्या गळ्यात मारला हो. नव्या सोसायटीत चालत नसेल. मी सुनावलं, अगं, तो इथे आहे म्हणूनच तर ती सगळी येणार. आपलं माणूस असं कुणी टाकून जातं का? तर कोट हातात घेऊन त्याचं सुटलेलं बटण बघत बसली. तिच्याशी आता बोलायचं नाही, पक्कं ठरवलंय.
संध्याकाळी तिने बटण लावून दिलं. मी चहा पाजला. नुसता चहा, गप्पा नाहीत. दीड तास बसली.

रविवार, २५ मे
पैलवानाचे कान गेलेत, दुसरं काय! दाराशी गाडी थांबली तरी मान वर केली नाही. बिस्किटाचं झाकण मात्र आतल्या खोलीतून ऐकू येतं. डॉक्टरांना विचारायला हवं. हल्ली दाराशी बसतच नाही, माझ्या पलंगापाशी घोरत पडतो. आज दाराशी मी एकटीच होते. कुणीतरी बसायला नको का?
मग आला आपणहून. सगळं वजन माझ्या पावलांवर टाकून झोपला. मुंग्या आल्या, पण पाय हलवले नाहीत.
तेवढ्यात फोन. नात विचारत होती, तो आमची आठवण काढतो का गं? मी म्हटलं, रोज, दारातून हलत नाही बघ. ती रडायला लागली. मग फोन चिरंजीवांनी घेतला. येतो म्हणाले, नक्की. रविवारीच.
कुठल्या, तेवढं विचारायचं राहिलं.