राहिलेला अर्धा आटा

डिंडोली, सुरत
२१ एप्रिल २०२५

तीर्थरूप बन्सीलालदादा यांस,
धाकट्या हिलालचा साष्टांग नमस्कार. वहिनींनाही नमस्कार.

इकडे सर्व खुशाल. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. आपल्या पोरीचं, वर्षाचं लग्न आठ मेला आहे, मुलगा गोडादऱ्याचा. पत्रिका पोचली असेलच. शिरपूरलाही ऊन असंच असेल. बाकी काम काही नाही, सहज लिहितोय.

गाडीचंही सहजच सांगतो. आपण दोघे सांभाळायचो ती ठाकोरशेठची १९३६ सालची विलायती गाडी तुम्ही कशी विसराल? शेठ म्हणाले, वर्षाला मांडवात हिच्यातूनच ने, फक्त पाणी गळता कामा नये. गळती रेडिएटरच्या वरच्या रबरी नळीला, होजला आहे. म्हणजे नेहमीच्याच जागी.

आधी मी बाजारातून निळाशार सिलिकॉनचा होज आणून बसवला. शेठनी बॉनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला. "हिलालभाई, आ शुं? नेवुं वरसनी डोशीने जीन्स पहेराव्युं?" म्हातारीची जीन्स मी निमूट उतरवली. मग काळा रबरी होज लावून क्लॅम्प असा आवळला, की क्लॅम्पने होजच कापला.

तेव्हा तुमची रीत आठवली. क्लॅम्पखाली कापडाची पट्टी गुंडाळायची. ती पाणी पिऊन फुगते, गच्च बसते आणि रबरही कापलं जात नाही. घरात कापडाला काय तोटा! सुषमाच्या नव्या साडीचा काठ फाडला, दुसरा होज घेऊन त्यावर गुंडाळला आणि व्याह्यांना पुढच्या सीटवर बसवून इच्छापोरकडे चक्कर मारायला निघालो.

अर्ध्या रस्त्यात बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला आणि जरीची चिंधी उडून समोरच्या काचेवर बसली. व्याही योगेंद्रराव फार सभ्य माणूस. त्यांनी विचारलं, "जुन्या गाडीत वायपर असाच येतो का?"

घरी आलो तर सुषमा दारातच उभी. "मनी साडी कोठे शे?" मी खरं ते सांगितलं. आधी भांडली, मग हसत सुटली. "पॉलिस्टर कधी पानी पेस का?" तीस वर्षं या साड्यांच्या गावात काढली आणि एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. मग सुती कापड शोधायला घर पालथं घातलं. चादरी, पडदे, उशांचे अभ्रे, सगळं पॉलिस्टर. सुती म्हणावं असं एकच सापडलं: खुंटीवर राहिलेला तुमचा कामाचा सदरा. कात्री घेतली होती. फाडायला मन झालं नाही.

वर्षा हे सगळं बघत होती. तुम्हाला बोलावून घ्या म्हणून मागे लागली, "पप्पा, काकाने बोलावी लो ने." आणि तिने जाहीर केलं, की काका गाडी चालवणार असतील तरच ती बसेल, नाहीतर मांडवात चालत जाईल. तुम्हाला ठाऊक आहे, ती जाईल.

आता खरं लिहितो.

सहा वर्षांपूर्वी जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात सगळ्यांसमोर तो होज निसटला आणि शेठ ओरडले. मी पटकन बोलून गेलो, "दादांनी बसवला होता." बसवला तुम्हीच होता, पण थंड इंजिनावर. इंजिन एकदा तापून निवलं, की क्लॅम्पचा स्क्रू अर्धा आटा आणखी आवळ, असं मला बजावून तुम्ही पेट्रोल पंपावर गेलात. आणि मी गाडीवरचा गरम लोचो खायला गेलो. तो अर्धा आटा राहिला. तुम्हाला ते माहीत होतं. माझ्याकडे एकदा पाहिलंत, माझं नाव घेतलं नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी पाने-पक्कड गुंडाळून शिरपूरला निघून गेलात. दादा, मी तेव्हा भ्यालो, आणि नंतर इतकी वर्षं लाजेने गप्प बसलो.

काल शेठकडे जाऊन सगळं सांगून आलो. ते म्हणाले, "लोचो माटे?"

हो दादा, लोच्यासाठी.

काल शेठकडून सुती पट्टी मिळाली. रेडिएटरच्या धातूच्या नळीचं तोंड घासून गुळगुळीत केलंय, क्लॅम्प कडेच्या उंचवट्यामागे घेतलाय आणि थंड इंजिनावर एकदा आवळलाय. इंजिन तापवून निववलंही. पुढचा अर्धा आटा मी आवळणार नाही. तुमचा सदरा धुऊन खुंटीवर ठेवलाय.

सात तारखेपर्यंत वाट पाहतो. आठला पोर चालत निघाली, तर तिच्यामागून मीही चालेन.

तुमच्याबद्दल खोटं बोललेला आणि तुमचाच,
हिलाल