रुजुताने तबला फोडला

रविवार, संध्याकाळ

हात अजून ठणकतोय. रुजुताकडून हातोडी हिसकावताना ती माझ्या मनगटावर बसली. पण तबल्यावरची कातड्याची पुडी फाटली तो आवाज... तो जास्त लागला.

पूनम सागर सोसायटीच्या हॉलमध्ये आज तबल्याची स्पर्धा होती. माझी लेक रुजुता दुसरी आली. पहिली आली सानिका, परीक्षकांचीच शिष्या. हे चूकच. स्वतःच्या शिष्येला कोण मार्क देतं? पण सानिका वाजवत होती तेव्हा मी रुजुताकडे बघत होते. मांडीवर ताल धरून हसत होती पोरगी, आपणही स्पर्धेत आहोत हे विसरून.

निकाल लागला आणि रुजुताचे बाबा थेट स्टेजवर चढले. "फिक्सिंग करता काय?" म्हणत परीक्षकांची कॉलर धरली आणि कानाखाली वाजवली. म्हाताऱ्या माणसाचा चष्मा फुटला, ओठातून रक्त आलं. लोक "अरे छोडो, छोडो" ओरडत होते.

घरी आल्यावरही हे म्हणतायत, "तुझ्यासाठीच केलं ना! पुढच्या स्पर्धेत बघू."

तेव्हा रुजुताने तबला सुरात लावायची हातोडी उचलली. पुडी फाटली तरी मारतच राहिली.

"सानिका खरंच माझ्यापेक्षा चांगली वाजवते, बाबा! मी तिच्या सरांकडे शिकायला जाणार होते. आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

मी ह्यांना म्हटलं, उद्या सरांकडे जाऊन माफी मागा.

"मी नाही जाणार."

मग मीच जाईन. सरांनी मला थोबाडीत मारली तर मारू देत.