न वाळणारा थेंब

इंदूर, मंगळवार, मे १९५३

बोट अजून चुरचुरतंय, पण डोक्यात तो थेंबच आहे. मीठ, आणि पाण्यासारखं पातळ? कॉलेजच्या लॅबमध्ये बाटल्या धुवायला लागून आठवडा झाला, असलं काही पाहिलं नव्हतं. सकाळी रसायनाच्या सरांच्या बशीतलं पाण्यासारखं काहीतरी माझ्या हातून टेबलावर सांडलं. एवढा उन्हाळा, उडून जाईल म्हटलं आणि गप्प बसलो. नोकरी जायची भीती, दुसरं काय. दुपारी पाहतो तर थेंब तसाच, वासही नाही. बोटानं पुसायला गेलो तर झोंबलं. तेवढ्यात सर पोह्यांचा पुडा तिथंच ठेवायला लागले.

"सर, तिथं नको. सकाळी माझ्याकडून सांडलंय ते."

"वा भिया, आणि आत्ता सांगतोस?" त्यांनी माझा हात किती तरी वेळ नळाखाली धरला. "हे एक प्रकारचं मीठच आहे, पण पातळ राहणारं. उडत नाही, वास देत नाही, म्हणून कळत नाही. आणि तापवलं तर भडकाच."

वाटलं, आता हाकलतात. तर रबरी मोजे दिले, थेंब पुसून घेतला, आणि त्या मिठाच्या बाटलीवर चिठ्ठी लावायला सांगितली. 'हे पाणी नाही.' माझ्या अक्षरात.

सर हाकलतील त्याआधीच उद्या उज्जैनला सटकायचं सकाळी ठरवलं होतं. पण मीठ पातळ कसं राहतं ते कळल्याशिवाय कुठला जातोय मी.