तीन लाल झेंड्या

३ ऑगस्ट
तिन्ही उड्या फाऊल! तिन्ही!

भंडाऱ्याला राज्य स्पर्धेची निवड चाचणी होती. लांब उडीत तृप्तीच्या तोडीची एक पोरगी नव्हती तिथं. मोहाडीला शाळेच्या मैदानावर रोज पावणेपाच मीटर मारते ही. आणि आज प्रत्येक वेळी पाय पांढऱ्या फळीच्या पुढे. प्रत्येक वेळी लाल झेंडी.

बसमध्ये विचारलं, "काहून होते असं?"

"मालूम नाही, मॅडम."

घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. आणि माझा जीव जळत राहिला.

५ ऑगस्ट
मोबाईलवर मनोबलाचे व्हिडिओ बघितले. श्वास मोजायचा म्हणे. डोळे मिटून स्वतःची उडी बघायची. आज तिला दहा मिनिटं निंबाखाली बसवलं.

"काय दिसलं?"

"काहीच नाही."

बाजूला रुचिका — गोळाफेकवाली, हिची जिवाभावाची — तोंड दाबून हसत होती. दोघींना मैदानाला चार चकरा मारायला लावल्या.

१९ ऑगस्ट
मैदानात चिखल. सराव नाही. नुसती चिडचिड.

२ सप्टेंबर
तालुका स्पर्धा. पहिलीच उडी — ४.८१! पाय फळीच्या मधोमध! मी लहान पोरीसारखी नाचले. आमचे मुख्याध्यापक टेकचंद सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही तं मनाच्या डॉक्टर झाल्या!" झालेच होते बहुतेक.

१६ सप्टेंबर
सरावात मुद्दाम पोरांना दोन्ही बाजूंनी ओरडायला लावलं. शिट्ट्या, टाळ्या, "पडली, पडली!" एकही फाऊल नाही. मग ही घाबरते तरी कशाला?

२४ सप्टेंबर
जिल्हा शालेय स्पर्धा. रुचिका गोळाफेकीत पहिली, विभागीयला नागपूरला जाणार. तृप्ती — तीन फाऊल.

लिहवत नाही.

२५ सप्टेंबर
काल सगळ्यांसमोर बोलले मी तिला. "एवढी भित्री आहेस तं कायले येतेस मैदानावर?" रडली नाही. मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं फक्त. ते बघणं डोक्यातून जात नाही.

चौदा वर्षं शिकवते आहे. एका पोरीची भीती काढता येऊ नये?

संध्याकाळी तिच्या घरी गेले. आई, रत्नमालाबाई, नुकत्याच धानाच्या बांधीतून आल्या होत्या, पायाला चिखल तसाच. म्हणाल्या, "घरी तं ते कोनालेच भेत नाही, मॅडम. परवा आंगणात साप निंगाला, तं तिनंच काठीनं उचलून फेकला."

मग मैदानावर काय होतं हिला? काय चुकतंय माझं? तृप्ती बाहेर आलीच नाही.

२९ सप्टेंबर
आज शाळा सुटल्यावर तृप्ती थांबली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर मध्येच म्हणाली, "मी भेत नाही, मॅडम. मी पाऊल मोजून पुढं टाकतो."

मुद्दाम! जिल्ह्याच्या वर निवड झाली की मुक्कामाला जावं लागतं, म्हणून.

मागच्या वर्षी माझ्या आईच्या ऑपरेशनमुळे मी विभागीयला नागपूरला गेले नव्हते. मुलींना दुसऱ्या शाळेच्या एका सरांसोबत पाठवलं होतं. तिथं त्या माणसानं तिच्यासोबत काय केलं, ते तिनं मला सांगितलं. आवाज एकदाही कापला नाही. ते मी इथं लिहिणार नाही. यंदाही जिल्ह्याच्या टीमसोबत तोच जाणार आहे.

"इतके दिवस काहून नाही सांगितलंस, बेटा?"

"माह्यावरच होतं तं मी फाऊल करून वाचत होतो. आता रुचिका जाऊन राहिली."

रत्नमालाबाईंना बोलावून घेतलं आहे. त्या आल्या की तिघी पोलीस ठाण्यात जातो.